एका नावाचं एकच पान

आकडा दोनशे तीन आला. मी परत मोजायला लावलं. दोनशे तीन. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की माणूस निदान अडखळतो, वर बघतो, काय झालं म्हणून विचारतो. यंत्र तेवढंही करत नाही. शनिवार होता, सकाळचे साडेदहा, राजारामपुरीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासची माडीवरची खोली. अकराची बॅच अजून यायची होती. खाली झेरॉक्सवाल्यानं शटर वर ढकललं. फायली सहाशे अकरा होत्या. चौदा फोल्डरांत मिळून सहाशे अकरा, हा आकडा मला पाठ होता, कारण माझा दोस्त संग्राम तो पगार सांगितल्यासारखा सांगायचा. गुरुवारी मी त्या फायली हलवल्या, शुक्रवारी पाठवल्या आणि शनिवारी मोजल्या. शिकवताना मी पोरांना याच्या बरोबर उलटं सांगतो. आधी मोजा, मग हलवा, मग परत मोजा. फळ्यावर तीन आकडे टाकून सांगतो, आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी हळूच म्हणतं, सर किती घाबरतात.

चारशे आठ फायली कुठं गेल्या हे मला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. पुढचा तासभर मी ते न कळल्यासारखा शोधत होतो.

ज्याला यातलं काही ठाऊक नाही त्याला कसं सांगायचं, याचा विचार मी तेव्हापासून फार करतो, कारण मला हे तीन जणांना सांगावं लागलं आणि त्यातल्या दोघी संगणकासमोर कधी बसलेल्या नाहीत. लिनक्स नावाच्या प्रणालीत प्रत्येक कमांडला माहितीचं एक पान असतं. 'मॅन' असं टाइप करायचं, पुढं कमांडचं नाव, की पान उघडतं. पान इंग्रजीत असतं. पण या पानांच्या फोल्डरात तुम्ही 'एमआर' म्हणजे मराठीचा फोल्डर केलात, त्यात 'मॅन एक', 'मॅन आठ' असे क्रमांकाचे फोल्डर केलेत, आणि त्यात त्या कमांडच्याच नावाची मराठी फाइल ठेवलीत, तर प्रणाली आधी तिथं बघते. सापडलं तर मराठी दाखवते. नाही सापडलं तर गुपचूप इंग्रजी दाखवते, मराठी का नाही ते सांगत नाही. पत्त्यासारखं आहे हे. जिल्हा, तालुका, मुक्काम पोस्ट. पत्ता चुकला की पान असूनही नाही. आणि एका पत्त्यावर एका नावाचं एकच पान राहू शकतं. दुसरं आलं की पहिलं जातं. भांडण नाही, आवाज नाही. दुसरं येतं तेव्हा पहिलं तिथं कधी नव्हतंच, असं होऊन जातं.

संग्रामची पानं या पत्त्यावर नव्हती. त्याच्याकडं 'मॅन एक' नव्हता, 'मॅन आठ' नव्हता. त्याचे फोल्डर माणसांच्या नावाचे होते. बनाबाई, हंबीरराव, पिराजी, सरुबाई. चौदा माणसं. त्याची कामाची रीतच तशी. तो इथं एका खासगी ऑफिसात हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि दर शनिवारी दुपारच्या एस्टीनं नेसरीला घरी जायचा. जाताना एक कमांड डोक्यात घेऊन जायचा. तिचं काम काय ते समोरच्या माणसाला तोंडी सांगायचा, संगणकाचं नाव न काढता, आणि विचारायचा, आता हे तुम्ही कसं सांगशिला? ते जे बोलत ते तो घोकत परत यायचा आणि सोमवारी टाइप करायचा. वही ठेवायची नाही, हा नियम. "वही काढली की माणूस शाळेत गेल्यागत बोलाय लागतंय रं," म्हणायचा. फाइलीतल्या शेवटच्या दहा ओळी दाखवणारी एक कमांड आहे. पिराजी म्हणजे गडहिंग्लज गाडीचा कंडक्टर, तो म्हणाला होता, "म्हंजे मागच्या दारानं चढल्याली धा माणसं. त्यास्नी आधी इचार, गाडीत काय चाललंय त्ये त्येंनाच ठावं असतंय." हंबीरराव ड्रिलचे मास्तर होते, त्यांना ओळी क्रमानं लावणारी कमांड सांगितली तर नुसते म्हणाले, "उंचीप्रमाणं. पुढं बोल." ढिगातून हवा तो शब्द शोधणाऱ्या कमांडला बनाबाईनं, म्हणजे संग्रामच्या फुलेवाडीतल्या दूधवालीनं, लग्नाच्या मांडवाबाहेर आपली चप्पल हुडकायची, असं सांगितलं होतं. एकेका कमांडची तीन-तीन, चार-चार पानं होत होती. एकच नाव, वेगळ्या माणसाच्या फोल्डरात. म्हणून सहाशे अकरा.

मी म्हणायचो, हे आत घेणार नाहीत. तो म्हणायचा, का?

"कारण तिथं माणसांची नावं चालत नाहीत. क्रमांक चालतात. एक कमांड, एक पान."

"आमच्या गावात एका माणसाला चार नावं असत्यात धम्म्या. आय एक म्हणती, रेशनकार्डावर दुसरंच असतंय. म्हणून काय चार माणसं झाली व्हय?"

"संग्या, प्रणालीला तुझं गाव ठाऊक नाही."

"मग सांग की तिला. मास्तर हाईस न्हवं?"

दोन वर्षं हा वाद. क्लासच्या खालच्या टपरीवर, रंकाळ्याच्या कठड्यावर, एकदा तर दसरा चौकात सिग्नल सुटून मागच्या रिक्षावाल्यानं आमच्या आया काढेपर्यंत. मी बरोबर होतो. हे मी आजही म्हणेन. जगभरच्या लोकांनी ठरवलेली एक रचना असते, तीत बसलं तर काम दिसतं, नाहीतर कुणाच्या तरी फुलेवाडीतल्या भाड्याच्या खोलीतल्या चार जीबीच्या डिस्कवर पडून राहतं. मला रचना आवडते. विचारे माळाच्या वस्तीत आमच्या दीड खोलीत सात माणसं राहायची, तिथं माझी अशी एक वस्तू ठेवायला एक जागा नव्हती. पहिल्यांदा संगणकापुढं बसलो आणि सरांनी सांगितलं की इथं प्रत्येक गोष्टीला एक जागा आहे आणि ती जागा कुणाच्या तोंडाकडं बघून बदलत नाही, तेव्हा मला जे वाटलं ते मी संग्रामला कधी सांगितलं नाही. त्याला नेसरीत घर होतं, पुढं आल्यागेल्याला बसायला सोपा होता, मागं परडं होतं. त्याला पसारा परवडत होता.

फेब्रुवारीत त्याला अर्धांगाचा झटका आला. सदतिसावं वर्ष. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. ऐकायला येतं, कळतं, किती कळतं ते कळत नाही. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, रूपालीवहिनींना सांगितलं, त्यांनी स्वतः लिहिलेलं काही असेल तर मोठ्यानं वाचून दाखवा, आपलेच शब्द कधीकधी आपल्याला धरून वर येतात. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी जन्मात मला एक चिठ्ठी लिहिली न्हाई. जे लिहिलंय ते त्या डब्यात हाय. तुम्हीच या रविवारचं." म्हणून मी रविवारी दुपारी जायचो, त्याच्या खोलीतला संगणक चालू करायचो आणि एकेका फोल्डरातलं एकेक पान वाचायचो. लोडशेडिंग असलं की वीज येईपर्यंत बसायचो. आमच्यात बोलणं नसताना मला कळलं की आमची दोस्ती जवळजवळ सगळी भांडणाची होती.

एप्रिलअखेर त्या प्रणालीच्या लोकांची मेल आली. नवी आवृत्ती निघणार होती. ज्या भाषांची पानं रचनेप्रमाणं शुक्रवारपर्यंत येतील त्यांचे फोल्डर आत राहतील, रिकामे असतील ते काढून टाकू. मराठीचा फोल्डर रिकामा होता. मला वाटलं, हे मी त्याच्यासाठी करतो. बरा होईल तेव्हा जगातल्या कुठल्याही यंत्रावर त्याची पानं उघडतील. गुरुवारी सकाळी फुलेवाडीत जाऊन, वहिनींनी दिलेला चहा कीबोर्डच्या शेजारी ठेवून, मी पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. एकेक फोल्डर घे, नाव बघ, फाइल उचल, 'मॅन एक'मध्ये टाक किंवा 'मॅन आठ'मध्ये टाक. डिस्क भरलेली होती, नक्कल करायला जागा नव्हती, म्हणून नक्कल नाही, हलवणं. संग्राम पलीकडं खाटेवर होता. मला बघत होता. पाठीला कळतं ते.

मी त्याला विचारलं नाही.

त्याला मान हलवता येत होती. हो आणि नाही एवढं त्याला फेब्रुवारीपासून करता येत होतं, चहा घेतोस का, पंखा लावू का, हे सगळे त्याला विचारायचे आणि तो मान हलवायचा. मी खुर्ची फिरवून विचारलं असतं, संग्या, ही पानं क्रमांकाच्या फोल्डरात टाकू का, तर त्यानं मान हलवली असती. कशी हलवली असती ते मला ठाऊक होतं. म्हणून खुर्ची फिरवली नाही. दोन वर्षांचा वाद मी समोरच्याचं तोंड बंद असताना पंधरा ओळींत जिंकला. आठ सेकंद लागली.

नाव: हलव.
वापर: हलव, काय, कुठं.
वर्णन: एक वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. त्या जागी त्याच नावाची वस्तू असेल तर हातानं टाइप करताना विचारते, घालवू का? स्क्रिप्टमधून चालवली तर विचारत नाही. तिसऱ्या आठवड्याचा पाठ. मी दर बॅचला शिकवतो. परीक्षेला दोन मार्कांना येतो.
त्रुटी:

त्रुटी लिहायला घेतली आणि हात थांबला. पानात त्रुटी यंत्राची लिहायची असते.

स्क्रिप्टनं फोल्डर इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं घेतले. आक्का, आण्णा आधी. त्यांची पानं जाऊन बसली. मग बनाबाईची आली, ज्या ज्या नावावर आक्का बसली होती तिथं तिथं बनाबाई बसली. मग पुढचे. शेवटी सरुबाई. संग्रामची नेसरीची आत्ती. तिची सत्त्याण्णव पानं होती, सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव राहिली, कारण तिच्यामागून कुणी आलं नाही. शनिवारी साडेअकरापर्यंत मी स्क्रिप्टनं ठेवलेल्या नोंदीवरून चौदा नावांपुढं आकडे लिहून काढले होते. प्रत्येकाची किती उरली. अकराची बॅच येऊन बसली होती, मी त्यांना म्हटलं, आज सराव करा. डी अक्षरापाशी मी आलो आणि तिथं धोंडुबाई होती. एकेचाळीस पानं. उरली शून्य. तिला संग्रामनं अगदी साध्या, सगळ्यांना विचारलेल्या कमांड विचारल्या होत्या. त्यामुळं तिच्या प्रत्येक पानावर नंतरचं कुणीतरी येऊन बसलं होतं.

धोंडुबाई माझी आई. तिला जाऊन दीड वर्ष झालं.

संग्राम आमच्याकडं यायचा ते मला फारसं आवडायचं नाही. तो यायचा, दारातल्या फरशीवर मांडी घालायचा, मावशी म्हणायचा, आणि आई त्याच्याशी जेवढं बोलायची तेवढं माझ्याशी बोलत नसे. मी पंधरा वर्षं तिच्या बोलण्यातले न्हाय आणि व्हय दुरुस्त करत आलो होतो. तो ते गोळा करायला यायचा. एखादं चालू काम बंद पाडणाऱ्या कमांडला इंग्रजीत ठार मारणं म्हणतात. आई म्हणाली होती, "मारायचं कशाला? आदी थांब म्हणावं की. न्हाईच ऐकलं तर मग बगू." आणि ती कमांड खरोखर तशीच चालते, आधी थांबायला सांगते, मग दुसरा उपाय. संग्राम हे सगळ्यांना सांगत सुटला होता. "तुझ्या आयला न शिकवता कळलं, तुला शिकून बी कळंना." तेवढं एक पान मी आज तोंडानं म्हणू शकतो. चाळीस नाही म्हणू शकत. मी ती वाचलीच नव्हती, रविवारीही तो फोल्डर मागंच ठेवत गेलो. घरातलीच तर होती. कधीही वाचता आली असती.

एक मात्र उघडलं होतं. एक कमांड आहे, फाइलीला कुणी हात लावायचा ते ठरवणारी. मालक, मालकाच्या गटातले आणि बाकीचे, अशा तीन पायऱ्या. कुणी वाचायचं, कुणी बदलायचं, कुणी चालवायचं. सरुआत्तीनं तिचं पान सांगितलं होतं ते असं: "घरातल्याला चुलीपतोर. भावकीला सोप्यापतोर. आल्यागेल्याला अंगणापतोर. आन कुणाला कुटपतोर त्ये घरधनी ठरवणार, दुसऱ्या कुणाचा त्यो अधिकार न्हाय." यात एक चूक नाही. मी वीस वर्षं शिकवलं तरी मला याहून नीट सांगता येणार नाही. त्याच कमांडचं दुसरं पान माझ्या आईचं होतं. संग्रामनं ते मला दाखवायला क्लासवर आणलं, फ्लॉपीत घालून. ती एकच फ्लॉपी तो दर वेळी पुसून वापरायचा. बारा-तेरा पोरं बसली होती, दोन मुली माझ्या पाठीमागं शंका विचारायला उभ्या होत्या. पान उघडलं. पहिली ओळ: "आमास्नी इचारतोस व्हय रं ल्येकरा? आमी भाईर हुबं ऱ्हाऊन बगिटलंय, कोन कुटपतोर जातंय त्ये." पुढं सात-आठ ओळी होत्या. मला मागच्या मुलींचा श्वास कानाला लागत होता. सर, हे कुणी सांगितलंय? त्यांनी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या वतीनं माझ्याच डोक्यात विचारलं. आणि क्यू दाबला. क्यू दाबला की पान बंद होतं.

संग्राम म्हणाला, "वाचलंस?"

"नंतर बघतो."

"ह्ये ठेवू न्हवं?"

"ठेव की. तुझं काम आहे ते."

त्यानं फ्लॉपी काढून घेतली. मग म्हणाला, "बरं." दुसऱ्या कुणी मित्रानं बरंच काही म्हटलं असतं.

आता त्या नावावर सरुआत्तीचं पान आहे. शुक्रवारी मी पाठवलं, शनिवारी दुपारी उत्तर आलं: दोनशे तीन पानं मिळाली, रचना अगदी व्यवस्थित आहे, मराठीचा फोल्डर आत घेतला आहे, आभार. रचना अगदी व्यवस्थित आहे हे वाक्य मी चार वेळा वाचलं. याच वाक्यासाठी मी दोन वर्षं भांडलो होतो. कोण कुठं बसून मराठीत विचारील, फाइलीला हात कुणी लावायचा, तर त्याला उत्तर मिळेल: चूल, सोपा, अंगण, घरधनी. अंगणाबाहेरही कुणीतरी उभं होतं आणि त्यानंही हीच गोष्ट सांगितली होती, ती फक्त दुसऱ्या बाजूनं, हे त्याला कधी कळणार नाही. आणि ते मिटवलं कुणी? सरुआत्तीनं नाही. तिला तर तिचं पान कुठं आहे हेही ठाऊक नाही.

मेल करून सांगता आलं असतं की ते एक पान काढा, दुसरं देतो. दुसरं कुठलं?

शनिवारी बॅच सोडून मी फुलेवाडीत गेलो, वहिनींना म्हटलं जरा दुरुस्ती आहे, आणि संगणकातली डिस्क काढून घरी आणली. गेलेली फाइल लगेच जात नाही, तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, दुसरं काही तिथं लिहिलं जाईपर्यंत ती अंधारात पडून असते. पण गुरुवारी हलवल्यावर मी त्याच डिस्कवर पाठवायच्या पानांचा गठ्ठा बांधला होता, तपासला होता, परत बांधला होता. स्वतःच्या हातानं माती ओढली होती. तरी 'भाईर हुबं' हे शब्द घेऊन अख्खी डिस्क पहिल्या खणापासून शोधायला लावली. दुपारभर ती कुरकुरत राहिली. अंगणात शेजारची पोरं विटी-दांडू खेळत होती. 'भाईर हुबं' सापडलं नाही. मग 'बगिटलंय' शोधलं. नाही. मग नुसतं 'भाईर'. एका ठिकाणी कचऱ्यासारख्या चिन्हांच्या मधोमध एक तुकडा वर आला:

…भाईर आसला तरी त्यो हाय म्हनून तर आतलं…

आणि पुढं परत चिन्हं. आतलं काय? आतलं टिकतं? आतलं आत राहतं? आतलं म्हणजे काय हे कळतं? मी त्या सात-आठ शब्दांपुढं बसून राहिलो. हे आईचं असेल. बनाबाईचं असेल. गोठ्याबद्दलचं असेल, गाडीबद्दलचं असेल. त्या सगळ्यांची भाषा एकच होती, मला वाटायचं तेवढी ती वेगळी नव्हती. आवाज ओळखू येईल म्हणून मी तो तुकडा मोठ्यानं म्हणून बघितला. माझाच आवाज आला, आणि शेवटी मी नकळत 'म्हणून' असं शुद्ध म्हटलं.

मग मी एक वाईट गोष्ट करायला घेतली. धोंडुबाई नावाचा रिकामा फोल्डर अजून होता, फायली गेल्या तरी चौदाही फोल्डर रिकामे तसेच उभे होते. त्यात एक नवी फाइल उघडली आणि आईसारखं लिहायला लागलो. तीन ओळी लिहिल्या. त्या इतक्या चांगल्या झाल्या की मला शरम वाटली. ती असं सभेत बोलल्यासारखं बोलत नसे. माझ्या तीन ओळींत ती कुणावर तरी रागावलेली होती. ती तशी रागावली होती का? पान पुढं हसत गेलं असेल, तिला अशा वेळी हसू यायचं, पदर तोंडाला लावून. का नसेल गेलं. मी तिच्या तोंडी जे घालत होतो ते मला तिनं म्हणायला हवं होतं ते होतं. पुसलं.

ते वाक्य आता एकाच जागी होतं. नेसरीच्या एस्टीत घोकून आणणाऱ्या, वही न ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात.

रविवारी मी डिस्क परत जोडली तेव्हा सरुआत्ती आली होती. मी तिला प्रथमच बघत होतो. बारीक, काळीसावळी, डोळ्यांत सतत कशाची तरी गंमत चाललेली. संग्रामच्या पायाशी बसून त्याच्या उजव्या पोटरीला तेल चोळत होती. वहिनी म्हणाल्या, "आत्ती, हेच ते धम्मपाल भाऊजी, पानं वाचत्यात ते."

"व्हय व्हय. बसा पावणं. ह्येनं माझं बी कायबाय लिवलंय म्हनं? दोन वरीस डोस्कं खाल्लं माझं. भांगलाय गेलं तरी बांधावर येऊन बसायचा."

"भाऊजी, आज आत्तींचंच वाचा," वहिनी म्हणाल्या. "मुद्दाम आल्यात."

मी दुसरं कुठलंही वाचू शकलो असतो. सत्त्याण्णव होती. मी तेच उघडलं. चुलीपतोर, सोप्यापतोर, अंगणापतोर. सरुआत्तीचा हात पोटरीवर थांबला. ती ऐकत गेली आणि तोंडभर हसली. "आगं बया! माझंच हाय की ह्ये. असंच म्हनलं हुतं मी. शाना हाय माझा बाबा." तिनं संग्रामच्या गालावरून तेलकट हात फिरवला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. संग्राम हसला नाही. त्यानं डावा हात चादरीवरून उचलला आणि दोन बोटं वर केली. दोन. दुसरं. या पानाला दुसरं पान आहे, हे त्याला आठवत होतं.

वहिनी म्हणाल्या, "दुसरं वाचा म्हणत्यात."

"दुसरं नाही."

"न्हाई म्हंजे?"

मग मी सांगितलं. पत्ता, नाव, एका जागी एकच पान, पंधरा ओळी, आठ सेकंद. सांगताना मी भिंतीकडं बघत होतो. चारशे आठ म्हणालो तेव्हा वहिनींनी संगणकाकडं बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, गडहिंग्लजच्या आहेत, ओरडता येतं त्यांना. मी म्हटलं, "ह्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही." आणि मग संग्रामकडं बघितलं. त्याची बोटं वरच होती.

सरुआत्तीला यंत्राचं काही कळलं नसावं. तिनं नेमकं तेवढंच विचारलं, "मग माज्याच्या खाली कुनाचं गेलं?"

"माझ्या आईचं."

"काय बोलली हुती ती?"

"मला ठाऊक नाही, आत्ती. ह्याला ठाऊक आहे."

तिघंही त्याच्याकडं वळलो. मी खिशातून कागद काढला आणि तो तुकडा वाचला. भाईर आसला तरी त्यो हाय म्हनून तर आतलं. या वेळी नीट वाचला. संग्रामचे डोळे हलले. मानेची शीर उभी राहिली. आठवडाभरापूर्वी त्याला एक शब्द परत आला होता, तो एकच, औषधालाही तो तेच म्हणायचा आणि पेपरलाही तेच म्हणायचा, वहिनींनी मला दारातच कौतुकानं सांगितलं होतं. त्याचे ओठ आधी दुसऱ्याच कशासाठी तरी मुडपले, मी शपथेवर सांगतो, दुसऱ्याच अक्षरासाठी, मग घसरले.

"पानी," तो म्हणाला.

मग सरुआत्ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदराला तेल पुसलं, कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं मान फिरवली. डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि पेला माझ्याकडं ढकलला. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"तुमाला द्या म्हनतोय जनू," ती म्हणाली आणि पेला माझ्यापुढं धरला.

आईच्या त्या सात-आठ ओळींत पाणी होतं का? का पावण्याला अजून पाणी विचारलं नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं होतं? का मला घसा कोरडा पडलेला माणूस म्हणून बघत होता तो? का त्याला म्हणायचं होतं, जाऊ दे? विचारता आलं असतं. हो आणि नाही त्याला येत होतं. पण प्रश्न कसा करायचा, ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल, हे मला सुचेना. मी सरुआत्तीच्या हातातून पेला घेतला आणि उभ्यानं सगळा प्यालो.

पेला खाली ठेवला तेव्हा त्याची दोन बोटं परत वर होती.